शिडाच्या बोटीवर ट्रेनिंग देणाऱ्या ट्रस्टमध्ये जायचंय? आधी हे वाचा, मग फॉर्म भरा

समुद्राचं वेड आहे पण घरात कोणीच बोटीवाला नाही अशी खूप मुलंमुली असतात, आणि त्यांची समजूत असते की सेलिंग म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, आपल्याला कोण घेणार. तसं अजिबात नाहीये. बऱ्याच देशांत असे चॅरिटी ट्रस्ट आहेत जे साधारण १२ ते २५ वयाच्या मुलांना शिडाच्या बोटीवर नेतात, बोट चालवायला शिकवतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांची फी देणग्यांमधून भरतात. मी अशा सफरींवर वॉच लीडर म्हणून जाते, म्हणजे नव्या मुलांचा एक गट माझ्या हाताखाली असतो, आणि निघायच्या आधी मुलं आणि त्यांचे आईबाबा जे विचारतात ते प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढावं.

पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगते. ट्रस्ट निवडताना एकच प्रश्न मनात पक्का धरा: इथे बोट मुलं चालवतात, की मुलांना बोटीतून फिरवून आणतात? दोन्हीचे फोटो सारखेच दिसतात हो, तेच लाइफजॅकेट, तेच हसरे चेहरे, मागे तेच पांढरं शीड. पण एका ठिकाणी पोरगी सुकाणूवर उभी राहून वाऱ्याकडे बघत स्वतः कोर्स, म्हणजे बोटीची दिशा, धरते, आणि दुसऱ्या ठिकाणी तिला फोटोपुरतं दोन मिनिटं चाक धरायला देतात. पहिल्या ठिकाणाहून परत येणारं मूल खरंच काहीतरी शिकून येतं, दुसऱ्या ठिकाणी ते फक्त पिकनिकला जाऊन येतं.

ही कल्पना नवी नाहीये. १९४१ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या अॅबरडोव्हीला कर्ट हान नावाचे शिक्षणतज्ज्ञ आणि लॉरेन्स होल्ट नावाचे जहाज कंपनीचे मालक या दोघांनी मिळून तरुणांसाठी कोर्स सुरू केला, त्यातूनच पुढे आऊटवर्ड बाउंड ही साहसातून शिकवणारी संस्था उभी राहिली. होल्ट यांचं म्हणणं असं होतं की जहाज बुडाल्यावर लाइफबोटीत धडधाकट तरुण खलाशी आधी हार मानतात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले म्हातारे खलाशी टिकून राहतात, कारण आपण यातून बाहेर पडू शकतो हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो, पोरांच्या नसतो. म्हणून त्यांना समुद्रासाठीचं ट्रेनिंग नको होतं, समुद्राकडून मिळणारं ट्रेनिंग हवं होतं. मग १९५६ ला इंग्लंडमधल्या टॉरबेपासून पोर्तुगालमधल्या लिस्बनपर्यंत अशी मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली. बऱ्याच जणांना वाटलं होतं की हा शिडांच्या जमान्याला शेवटचा रामराम असेल, पण लोकांनी ती अशी काही उचलून धरली की त्यातूनच आजच्या टॉल शिप्स रेसेस आल्या, आणि त्यांचा नियम आहे की जहाजावरच्या क्रूपैकी निदान निम्मे लोक १५ ते २५ वयाचे पाहिजेत. लक्षात घ्या, निम्मे क्रू, पॅसेंजर नाही. फरक आहे तो एवढाच.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय

बरीच गडबड इथेच होते. "सेलिंग ट्रेनिंग" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे डिंगी, छोटी होडी, तलावात किंवा खाडीत, संध्याकाळी घरी परत. लहान मुलांसाठी सगळीकडे ऑप्टिमिस्ट वापरतात, क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये डिझाइन केलेली, जेमतेम २.३ मीटर लांब, एकट्या मुलाने चालवायची, १५ वर्षांपर्यंत. वारा म्हणजे काय हे डिंगीवर जितकं पटकन कळतं तितकं कुठेच कळत नाही, कारण चूक केली की दुसऱ्या सेकंदाला पाण्यात. त्याला घाबरायचं कारण नाही, होडी उलटवून परत सरळ करणं हा पहिल्या काही धड्यांमधलाच एक धडा असतो. होडी सोडून पोहत किनाऱ्याकडे जायचं नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा नियम, कारण लांबून पाण्यातलं डोकं दिसत नाही पण पालथी होडी दिसते. आधी सगळ्यांची डोकी मोजायची, मग शिडाची दोरी मोकळी करायची, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या सेंटरबोर्डपाशी जायचं, त्याच्यावर भार टाकून मागे रेलायचं आणि होडी सावकाश वर येते. पाचवी-सहावीतली किडकिडीत पोरं पण हे करतात, ताकदीपेक्षा त्यात वजन कुठे टाकायचं याला महत्त्व आहे.

दुसरी म्हणजे सफर. मोठ्या यॉटवर किंवा जहाजावर पाच-सात दिवस किंवा जास्त राहायचं, तिथेच झोपायचं, स्वयंपाक करायचा, रात्रीची पाळी करायची. बहुतेक चॅरिटी ज्याला सेल ट्रेनिंग म्हणतात ते हे. इथे सेलिंग यावं लागत नाही, काहीच यावं लागत नाही, उलट कोणालाच काही येत नाही म्हणूनच गट लवकर जमतो.

तिसरी म्हणजे करिअरचं ट्रेनिंग, मर्चंट नेव्ही वगैरे. ती पूर्णपणे वेगळी वाट आहे, त्याच्याबद्दल शेवटी लिहिते, पण आत्ताच सांगून ठेवते की सफरीचं सर्टिफिकेट दाखवून जहाजावर नोकरी मिळत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

वय १२ च्या आसपास असेल आणि घराबाहेर राहायची सवय नसेल तर आधी डिंगी. १५-१६ च्या पुढे असाल तर सरळ सफरीला जा, डिंगी आधी यायलाच हवी असं काही नाही.

ट्रस्टला फोन करून काय विचारायचं

मेल नको, फोनच करा. फोनवर समोरचा माणूस कसा बोलतो त्यावरूनच निम्मं कळतं.

पहिला प्रश्न, बोटीवर मुलांना काय काय करायला मिळतं? उत्तरात "मुलं सुकाणू धरतात, शिडं चढवतात-उतरवतात, चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) नेव्हिगेशन करतात, वॉच (पाळी) करतात, शेवटच्या दिवशी बोट तीच चालवतात आणि स्किपर (बोटीचा कप्तान) नुसता मागे उभा असतो" असं काहीतरी आलं तर ठीक. "मजा करतात, खूप एंजॉय करतात" एवढंच आलं तर अजून खोदून विचारा.

दुसरा, स्किपरकडे कुठलं लायसन्स किंवा सर्टिफिकेट आहे, बोटीची तपासणी कोण करतं आणि शेवटची कधी झाली, इन्शुरन्स आहे का, किती मुलांमागे किती मोठी माणसं असतात. हे विचारलं म्हणून चांगल्या ट्रस्टला राग येत नाही. उलट ते लोक खूश होतात आणि फोनवर अर्धा तास बोलतात.

तिसरा प्रश्न पालक लाजेपोटी विचारत नाहीत, तो मात्र विचाराच: मुलांच्या सुरक्षेची लेखी पॉलिसी आहे का? सोबत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात का, व्हॉलंटियरची पण? एखादा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद केबिनमध्ये राहणार नाही असा नियम आहे का, झोपायची व्यवस्था कशी आहे, मुलींसोबत बाई स्टाफ असते का, आणि मुलाला काही खटकलं तर स्किपर सोडून दुसऱ्या कोणाला सांगायचं त्या माणसाचं नाव काय? बोट ही छोटी जागा आहे, तिथून उठून घरी जाता येत नाही, म्हणून हे नियम जमिनीवरच्या कुठल्याही कॅम्पपेक्षा जास्त कडक हवेत. उत्तर देताना कोणी चाचरलं तर नम्रपणे थँक्यू म्हणा आणि दुसरा ट्रस्ट शोधा, यात मी तरी कसलीही तडजोड करणार नाही.

चौथा, हवामान खराब झालं तर काय करता? बरोबर उत्तर एकच आहे, आम्ही निघत नाही किंवा बंदरात थांबतो. सफर ठरल्याप्रमाणे होणारच असं छातीठोकपणे सांगणारा ट्रस्ट मला आवडत नाही.

अपंगत्व असेल किंवा मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर

फॉर्म भरायच्या आधीच "आपल्याला नाही जमणार" असं ठरवून टाकू नका. या क्षेत्रात सगळ्यात मनापासून काम झालंय ते इथेच. हान्सा नावाच्या डिंगी आहेत, त्यांच्या किलला, म्हणजे तळाखालच्या पात्याला, खाली वजन असल्यामुळे त्या सहसा उलटत नाहीत, त्यात पुढे तोंड करून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि जॉयस्टिकने सुकाणू चालवायचं. ब्रिटनमध्ये ज्युबिली सेलिंग ट्रस्टने लॉर्ड नेल्सन आणि टेनेशस अशी दोन मोठी जहाजं खास या कामासाठी बांधून घेतली होती, व्हीलचेअरसाठी लिफ्ट, दृष्टी नसलेल्या माणसाला कोर्स धरता यावा म्हणून बोलणारा होकायंत्र, सगळं होतं, आणि अपंग आणि धडधाकट लोक बरोबरीने क्रू म्हणून काम करायचे. तो ट्रस्ट २०२३ मध्ये पैशाअभावी बंद पडला, याचं मला फार वाईट वाटतं, पण हे होऊ शकतं हे त्यांनी करून दाखवलंय. ब्रिटिश सेलर एलन मॅकआर्थर यांनी २००३ मध्ये काढलेला ट्रस्ट कॅन्सरमधून बाहेर येणाऱ्या ८ ते २४ वयाच्या मुलांना सेलिंगला नेतो, आणि ती मुलं बोटीवर पेशंट नसतात, क्रू असतात. तर, फोन करा, आपली अडचण नेमकी सांगा आणि ते काय करू शकतात ते ऐका.

पैशाचं काय

वेबसाइटवर लिहिलेली फी बघून पान बंद करू नका. बहुतेक ट्रस्टकडे मदतीचा फंड असतो आणि कित्येकदा तो मागायलाच कोणी येत नाही. थेट विचारा, "पूर्ण फी भरणं आम्हाला शक्य नाही, मदत मिळते का, किती मिळते आणि अर्ज कधीपर्यंत करायचा?" यात कमीपणा काही नाही, त्या देणग्या गोळा झाल्यात त्याच कामासाठी. अर्जात समुद्राविषयी अलंकारिक निबंध नको, आपली परिस्थिती काय, हे का करायचंय, परत आल्यावर काय करायचा विचार आहे हे साध्या शब्दांत लिहा. शाळा, कॉलेज, युथ क्लब यांच्यामार्फत गट करून गेलं तर ट्रस्टला पण सोपं पडतं आणि फी पण बऱ्याचदा कमी होते. प्रवासखर्च आणि भिजणार नाहीत असे कपडे यांचं आधीच विचारून ठेवा, वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, बूट आणि लाइफजॅकेट बहुतेक ठिकाणी ट्रस्टच देतो, उगाच विकत आणू नका.

मेडिकल फॉर्ममध्ये काहीही लपवू नका

हा फॉर्म मुलांना गाळण्यासाठी नसतो. दमा, फिट्स, डायबिटीस, अॅलर्जी, चालू असलेली औषधं, अंथरुण ओलं होणं, पॅनिक अॅटॅक, हे सगळं आधी माहीत असलं तर सोय करता येते, आणि किनाऱ्यापासून लांब गेल्यावर पहिल्यांदा कळलं तर स्किपरच्या हातात फार थोडं उरतं. औषधं दुप्पट न्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक पिशवी भिजली तरी दुसरी राहते.

पोहता येत नाही म्हणून काही ट्रस्ट नाही म्हणतात, काही म्हणत नाहीत, पाण्यात पडल्यावर लाइफजॅकेटवर शांत तरंगता येणं त्यांना पुरतं. तरी निघायच्या आधी चार-आठ दिवस पूलमध्ये जाऊन या, नाकातोंडात पाणी गेलं की घाबरायचं नाही एवढं जमलं तरी खूप झालं. थंड पाण्यासाठी १-१०-१ असा एक हिशोब शिकवतात तो पाठ करून ठेवा: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, कारण थंड पाण्यात पडल्या पडल्या धाप लागते आणि तेव्हाच पाणी आत जातं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय नीट काम करतात, काय करायचं ते तेवढ्यात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पहिल्या मिनिटात काहीही करायची घाई नको, फक्त तरंगायचं आणि श्वास.

लाइफजॅकेट कुठलं हेही बघून घ्या. डिंगीवर ५० न्यूटनचं बॉयन्सी एड असतं, ते पोहू शकणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसासाठी आहे, तोंड वर वळवून ठेवत नाही. समुद्रावर निदान १५० न्यूटनचं लाइफजॅकेट लागतं, ते माणसाला उताणं वळवायच्या हिशोबाने बनवलेलं असतं, आणि त्याचा मांडीतून जाणारा पट्टा लावलाच पाहिजे. तो पट्टा टोचतो म्हणून मुलं सोडून ठेवतात, मग पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. मी दर तासाला ओरडते त्यावरून, आणि ओरडत राहणार.

सामान

कडक बॅग नको, ट्रॉली तर नकोच नको, ठेवायला जागा नसते. घडी करून कोपऱ्यात कोंबता येईल अशी कापडी बॅग घ्या. जीन्स आणि जाड कॉटन घरी ठेवा, एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं, त्यापेक्षा पातळ पातळ तीन-चार थर घाला. बुटांचे सोल पांढरे किंवा डाग न पाडणारे आणि न घसरणारे पाहिजेत. टोपी आणि चष्म्याला दोरी, लांब केसांना घट्ट रबर, ओढण्या-मफलर-लोंबणारे कानातले काही नाही, सगळं दोरी ओढायच्या विंचमध्ये अडकतं. डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, लाल प्रकाशाचा मोड असलेला, का ते पुढे येतंय.

घरी बसून करायचा सराव

गाठी. यूट्यूबवर पन्नास गाठी आहेत, पण तुम्हाला चार पुरे: बोलाइन, आठाची गाठ, क्लोव्ह हिच, आणि राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस. त्यातली बोलाइन झोपेतही यायला हवी. दोरीत एक छोटा फास करायचा, टोक खालून त्या फासातून वर काढायचं, मुख्य दोरीच्या मागून फिरवून आणायचं, परत त्याच फासातून खाली घालायचं आणि आवळायचं. झालं. कितीही ताण आला तरी हा फास आवळत किंवा घसरत नाही, आणि ताण गेल्यावर लगेच सुटतो, म्हणून बोटीवर अर्ध्याअधिक कामांना हीच लागते. टेबलावर जमली की डोळे मिटून करा, मग हात पाठीमागे घेऊन करा, मग हात ओले करून. बोटीवर गाठ बांधताना अंधार असतो, बोट हलत असते आणि कोणीतरी ओरडत असतं, तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही.

आणि वारा. रोज घराबाहेर पडलात की वारा कुठून येतोय ते सांगायची सवय लावा, चेहऱ्यावर, कानांवर जाणवतो तो. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुठलीच शिडाची बोट जात नाही, साधारण ४५ अंशांच्या आत गेलं की शीड फडफडायला लागतं आणि बोट थांबते, म्हणून वाऱ्याच्या दिशेला जायचं तर एकदा इकडून एकदा तिकडून नागमोडी जावं लागतं. वारा कुठून आहे हे ज्याला न बघता कळतं तो पहिल्याच दिवशी सुकाणू चांगलं धरतो, मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

बोटीवर गेल्यावर

पहिला दिवस निम्मा ब्रीफिंगमध्येच जातो, कंटाळू नका. गॅस कसा बंद करायचा, संडास कसा वापरायचा (हे खरंच शिकावं लागतं, चुकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी आत येऊ शकतं), लाइफराफ्ट कुठे, रेडिओवर चॅनल १६ वर मेडे (जीव धोक्यात असतानाची मदतीची हाक) कसा द्यायचा, धोक्याचा संदेश आपोआप पाठवणारं डीएससीचं लाल बटण कुठलं. तुम्ही सगळ्यात नवे असाल तरी स्किपरलाच काही झालं तर मदत बोलवणारे तुम्हीच असू शकता, म्हणून ते सगळ्यांना शिकवतात.

विंचबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हात इथेच दुखावतात. विंच म्हणजे दोरी ओढायचा तो गोल ड्रम. दोरी त्याच्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, मूठ कायम ड्रमपासून निदान वीतभर लांब, अंगठा मुठीच्या आत, नाहीतर तो दोरीबरोबर खेचला जातो. दोरी सैल सोडायची असेल तेव्हा वेढे एकदम उचलायचे नाहीत, दुसऱ्या हाताचा तळवा वेढ्यांवर सपाट दाबून हळूहळू सरकू द्यायची. शिडात भरलेल्या वाऱ्याचा सगळा ताण त्या एका दोरीत असतो हे ओढून बघेपर्यंत कोणाला पटत नाही. आणि बोट वळवताना "रेडी अबाऊट" अशी हाक आली की हातातलं सगळं सोडून डोकं खाली, कारण बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, या बाजूने त्या बाजूला जातो तो तुमच्यासाठी थांबत नाही.

हार्नेसचा (अंगाला बांधून बोटीला अडकवायच्या पट्ट्याचा) हुक खालून वर येताना, पायऱ्यांवर असतानाच लावायचा, वर आल्यावर नाही.

माणूस पाण्यात पडला तर तुमचं काम बहुतेक वेळा एकच असेल, हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लाटांमध्ये डोकं नारळाएवढं दिसतं आणि एक लाट आली की दिसेनासं होतं, बोट पुढे जातच असते, सगळे पळापळ करत असतात, तेव्हा ज्याने एक क्षणही नजर हटवली नाही त्याच्या हाताकडे बघूनच स्किपर बोट परत नेतो. याचा सराव फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा फुगा) पाण्यात टाकून करतात, तेव्हा मनापासून करा.

बोट लागणं

बहुतेकांना लागते, पट्टीच्या खलाशांनाही लागते. आतला कान सांगतो आपण हलतोय, डोळे केबिनची स्थिर भिंत बघून सांगतात नाही हलत, आणि मेंदूचा गोंधळ होतो. म्हणून उपाय सगळे त्यावरूनच येतात: वर या, क्षितिजाकडे बघा, मोबाईल बघू नका, खाली जाऊन वाचू नका, आणि सगळ्यात भारी म्हणजे सुकाणू हातात घ्या, कारण बोट पुढे कशी हलणार हे तुम्हाला आधीच कळतं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नसतो. झोप येते का ते घरी एकदा घेऊन बघा. थोडं थोडं कोरडं खा, पाणी घोट घोट प्या. उलटी करायची तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, हुक लावून, कोणाला तरी सांगून, एकट्याने कठड्यावर वाकायचं नाही. शरमायचं तर अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांचं थांबतं, आणि ज्याला पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास झाला तोच शेवटी सगळ्यांत मोठ्याने गाणी म्हणत असतो.

रात्रीची पाळी

मला विचाराल तर सगळी सफर यासाठीच करावी. पारंपरिक पद्धत अशी की तीन गट, ४ तास काम आणि ८ तास सुट्टी, आणि संध्याकाळी ४ ते ८ ची पाळी दोन दोन तासांत तोडायची, म्हणजे दिवसाच्या सातच पाळ्या होतात आणि त्याच गटाला रोज मध्यरात्रीची पाळी येत नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चने ती दोन सेकंदांत जाते, म्हणून तो लाल टॉर्च.

पुढे बसून नजर ठेवायचं काम नव्या मुलांना देतात आणि ते नावापुरतं काम नसतं. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला, म्हणजे स्टारबोर्डला, हिरवा, मागे पांढरा. म्हणजे समोर फक्त हिरवा दिसला तर ते जहाज तुमच्या डावीकडून उजवीकडे चाललंय, लाल दिसला तर उलटं, आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम आणि वर पांढरे दिसले तर ते सरळ तुमच्याकडेच येतंय, लगेच ओरडा. दुसरी खूण, दूरचा दिवा तुमच्या बोटीच्या एखाद्या दांडीशी जुळवून धरा आणि बोट त्याच कोर्सवर असताना बघत राहा. दिवा पुढे किंवा मागे सरकला तर ठीक, जागचा न हलता नुसता मोठा होत गेला तर टक्कर व्हायची शक्यता आहे. शंका आली तरी सांगा, दहा वेळा उगाच सांगितलंत तरी कोणी रागावणार नाही. आजवर अंगठ्याएवढी पण जबाबदारी कोणी दिली नव्हती असा सतरा वर्षांचा मुलगा जेव्हा हळू आवाजात "स्टारबोर्डला एक हिरवा दिवा, लांब आहे" असं सांगतो आणि स्किपर त्याच्यावर विश्वास ठेवून कोर्स बदलतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा.

पुढे करिअर करायचं असेल तर

दोन वाटा आहेत, मिसळू नका. यॉटवाली वाट: ब्रिटिश आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) पद्धतीत कॉम्पिटंट क्रू हा पाच दिवसांचा कोर्स, त्यात १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास व्हावे लागतात (एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर), तिथून डे स्किपर, आणि पुढे यॉटमास्टर ऑफशोअरच्या परीक्षेला बसायला २५०० मैल आणि ५० दिवस समुद्रावर लागतात. ट्रस्टच्या यॉटवरच्या सफरीतले मैल यात सहसा धरता येतात, म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवा.

मर्चंट नेव्हीवाली वाट एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या ट्रेनिंगबद्दलच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने चालते. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि जहाजावरची सुरक्षा-जबाबदारी ही बेसिक ट्रेनिंग मान्यताप्राप्त संस्थेतच करावी लागते, चॅरिटीच्या बोटीवर नाही होत. डेकवर, म्हणजे जहाज चालवायच्या कामावर, जायचं असेल तर पैसे आणि वर्षं घालवायच्या आधी डोळे आणि रंग ओळखायची तपासणी करून घ्या, लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर अडचण येते, वर दिव्यांचं वाचलंतच. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट: २००६ च्या मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही, खलाशाने खर्च करायचा तो मेडिकल सर्टिफिकेट, सीमन बुक, पासपोर्ट असल्या कागदांपुरता. कोणी "प्लेसमेंट चार्ज" म्हणाला की उठून या.

मग सफरीचा करिअरला काय फायदा? मोठा आहे. चार वर्षांचं ट्रेनिंग घ्यायच्या आधी एका आठवड्यात कळतं की आपल्याला हलती जमीन, तुटक झोप आणि तीच ती दहा माणसं झेपतात की नाही. नाही झेपली तरी ते आत्ता कळलेलं बरं.

परत यायच्या आधी

शेवटच्या दिवशी सगळे फोटो आणि नंबर घेण्यात असतात, तेव्हा आधी लॉगबुक भरा: तारखा, बोटीचं नाव, मैल, रात्रीचे तास, तुम्ही काय काम केलं ते, आणि स्किपरची सही. नंतर मेलवर मागितली तर स्किपर दुसऱ्या सफरीवर असतो आणि महिने जातात. त्याच वेळी विचारून टाका की पुन्हा यायला काय करावं लागेल. बऱ्याच ट्रस्टमध्ये जुन्याच मुलांना पुढे वॉच लीडर म्हणून तयार करतात, त्या ट्रेनिंगची फी कमी असते किंवा नसतेच, आणि हिवाळ्यात बोट बाहेर काढून घासायला-रंगवायला माणसं लागतात तेव्हा समुद्रापासून लांब राहणाऱ्यालाही हात लावता येतो. बोट आतून कशी असते, किल कुठे बसते, पाणी कुठून झिरपतं हे तिथे जितकं कळतं तितकं सफरीत कळत नाही, तर त्या यादीत नाव टाकूनच उतरा.